१९५९ ची कॅडिलॅक : रंग नंतर, आधी तळ बघा

मोबाईलवर जुन्या अमेरिकन गाड्या पाहताना मागे उंच पंख असलेली, छत उघडणारी लांबलचक गाडी हमखास दिसते. त्यात सर्वांत प्रसिद्ध १९५९ ची कॅडिलॅक. लांबी जवळपास १९ फूट, वजन दोन टनांच्या वर.

पंखांची कल्पना विमानावरून आली. दुसऱ्या महायुद्धातलं पी-३८ हे लढाऊ विमान पाहून हार्ली अर्ल यांच्या टीमने १९४८ च्या कॅडिलॅकला छोटे पंख दिले. ते वाढत वाढत १९५९ ला सर्वांत उंच झाले. उपयोग काही नाही, नुसता थाट.

आता अशी गाडी पुन्हा उभी करायची तर खरं काम गंजाचं. अमेरिकेच्या थंड भागात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून पत्रा खातं. बंद गाडीला छताचाही आधार असतो. इथे छत कापडाचं, त्यामुळे सगळा ताण तळावर. सडलेला तळ कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करतात. नाहीतर बॉडी मधोमध खचते अन् दारं लागत नाहीत.

म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी गाडीखाली शिरतं, दारं उघडून-लावून बघतं, पत्र्यावर लोहचुंबक फिरवतं. जाड पुट्टी भरली असेल तिथे चुंबक धरत नाही.

जुनी जीप किंवा ट्रॅक्टर घेतानाही हीच युक्ती चालते. नव्या रंगाला भुलू नका.