बाजारभाव पत्रकातील शब्द

बार्शीटाकळी तालुक्यातील शेतकऱ्याला सोयाबीन व तुरीचे बाजारभाव रोज कळतात; परंतु त्यातील शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक नसल्यास त्याचा हिशेब चुकतो.

पत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर एखाद्याच ढिगाला मिळालेला असू शकतो. अधिकांश माल ज्या दराने विकला जातो, तो सर्वसाधारण दर होय. समजा, १०० क्विंटलपैकी ५ क्विंटल ४,७०० रुपयांनी, ८० क्विंटल ४,२०० रुपयांनी व १५ क्विंटल ३,६०० रुपयांनी गेले, तर सर्वसाधारण दर ४,२०० रुपये. विक्रीचा अंदाज यावरच बांधावा.

किमान दर म्हणजे किमान आधारभूत किंमत नव्हे. पहिला लिलावात ठरतो; दुसरी केंद्र शासन जाहीर करते.

‘तारण’ म्हणजे माल न विकता गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेणे. कृषी पणन मंडळाच्या योजनेत सोयाबीन व तुरीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. ४०,००० रुपयांच्या मालावर ३०,००० रुपये घेतल्यास सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये होते. भाववाढ याहून अधिक होण्याची शक्यता असेल, तरच थांबण्यात लाभ.

‘ई-नाम’ हा १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला, बाजार समित्यांना संगणकाने जोडणारा बाजार. येथे दूरचा व्यापारी माल न पाहता बोली लावतो. म्हणून ओलाव्याच्या व प्रतीच्या तपासणीस विशेष महत्त्व आहे.

ग्रामपंचायतीच्या फलकावर केवळ कमाल दर न लिहिता तिन्ही दर अर्थासह लिहावेत, हे इष्ट होय.