सीतेची वेणी : ओळख आणि जोपासना

आसाममध्ये एप्रिलच्या मध्यास साजऱ्या होणाऱ्या रोंगाली बिहूच्या नृत्यात तरुणी केसांत जे लोंबते तुरे माळतात, त्यांना तेथे 'कोपौ फूल' म्हणतात. सह्याद्रीच्या जंगलांत तीच आमरी, म्हणजेच ऑर्किड, मे-जूनमध्ये वृक्षांच्या खोडांवर फुलते आणि मराठीत 'सीतेची वेणी' या नावाने ओळखली जाते. आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे हे राज्यपुष्प आहे. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार देशात आमरीच्या १,२५६ प्रजाती आहेत. त्यांत सीतेची वेणी ओळखण्यास तुलनेने सोपी. पाने जाड, पट्ट्यासारखी, टोकाशी असमान दुभागलेली. फुले पांढरी, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची आणि दाटीने लगडलेली. याच काळात फुलणाऱ्या एरिडीस वर्गातील आमरीशी मात्र तिची गल्लत होते. एरिडीसच्या फुलास पुढे वळलेली शिंगासारखी नळी असते, तर सीतेच्या वेणीत त्या जागी चपटी पिशवी आढळते.

अनेक जण आमरीला बांडगूळ समजतात. हा समज चुकीचा आहे. बांडगूळ यजमान वृक्षाचा रस शोषते. ही आमरी वृक्षाचा केवळ आधार घेते. पाणी तिची हवेतील मुळे टिपून घेतात.

खरा प्रश्न आहे तो तिच्या पुनरुत्पादनाचा. एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असली, तरी त्यांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच बीज रुजते. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी शर्करायुक्त माध्यमात बुरशीविना बीजे रुजवून दाखविली आणि प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे जंगलातून रोपे ओरबाडण्याचे समर्थन आता होऊ शकत नाही. राखीव वनातून ती विनापरवाना काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हाही आहे.

खरेदी करताना मुळे अवश्य पाहावीत. तुटलेली, चपटी, सालीचे तुकडे चिकटलेली मुळे आणि किडींनी खाल्लेली पाने दिसल्यास ते रोप बहुधा झाडावरून खरवडून आणलेले असते. रोपवाटिकेतील रोपाची मुळे अखंड व गोलसर असतात.

लागवडीसाठी माती वापरू नये, मुळे कुजतात. पावसाळ्याच्या आरंभी रोप आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडास सुतळीने बांधावे, अथवा कोळसा व विटांचे तुकडे भरलेल्या टांगत्या लाकडी टोपलीत ठेवावे. पानांतून गाळून येणारे ऊन आणि खेळती हवा तिला मानवते. रुपेरी मुळे भिजल्यावर हिरवी होतात. तेवढे पाणी पुरेसे. ती पुन्हा रुपेरी दिसू लागली की पुढचे पाणी द्यावे. एकदा मुळे धरल्यावर जागा बदलू नये. मुळांना लागलेला धक्का तिला सोसत नाही.