काटा नेमकं काय मोजतो?

द्रोणागिरीत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध पोटापाण्याचा आहे. मी कंटेनर यार्डातल्या वजनकाट्यावर बसतो. ट्रेलर चढतो, आकडा पडतो, पावती निघते. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन आधी कळवणं जगभर सक्तीचं झालं. पण त्यासाठीच्या दाखल्यावरचा शब्द वजन नाही. तिथे ‘मास’ म्हणजे वस्तुमान लिहिलेलं असतं. या दोन शब्दांतला फरक शाळेत दोन गुणांसाठी पाठ केला होता. काट्यावर बसल्यावर तो पुन्हा छळू लागला आणि मी आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेवरची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावरची, पुस्तकं चाळू लागलो. त्यातलं गणित झेपत नाही, पण प्रश्न विचारायला गणित लागत नाही. त्यांपैकी चार प्रश्नांचा हा हिशेब.

पहिला प्रश्न: काटा मोजतो काय? प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल फक्त दाब ओळखतात. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, शिवाय स्वतःभोवती फिरते. त्यामुळे विषुववृत्ताकडून वर जावं तसं गुरुत्वाकर्षण थोडं वाढतं. न्हावा शेव्यात जुळवलेला काटा जसाच्या तसा रॉटरडॅमला नेला, तर इथला ३० टनांचा कंटेनर तिथे सुमारे ८० किलो जास्त भरेल. आतल्या मालात दाणाही वाढलेला नसेल. वस्तुमान तेच, वजन वेगळं.

दुसरा प्रश्न यातूनच निघतो: हे वजन पृथ्वीच्या ओढीचं ना? न्यूटनने १६८७ साली ओढीचा नियम दिला, पण रिकाम्या अवकाशातून ही ओढ पोचते कशी, हे त्यालाही उलगडलं नव्हतं. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनला सुचलं, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. समजा, काटा आणि त्यावरचा ट्रेलर एकत्रच खोल विहिरीत पडू लागले. आकडा शून्य येईल. ओढ तर तिथेही आहे! सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अवकाश स्थानकात पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ८९ टक्के असतंच. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक मिळून सतत पडत असतात. म्हणजे काटा ओढ मोजतच नाही. पडू पाहणाऱ्या वस्तूला जमीन जी आडकाठी करते, ती मोजतो.

ही गोष्ट द्रोणागिरीकराला पटवून द्यावी लागत नाही. आमचा हा नोड, म्हणजे नियोजित वसाहत, खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून उभा राहिला. इथली चिखलमाती भार घेत नाही, म्हणून इमारतीआधी खोलवर पाइल जातात. जमिनीची आडकाठी कमी पडली की कुंपणाची भिंत तडकते, रस्ता खचतो. उरणच्या डोंगराबद्दल दंतकथा आहे, की मारुतीने नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला. माझ्या हिशेबाने त्या उड्डाणात मारुतीचा तळहात हाच वजनकाटा होता. तुकडा हातातून सुटल्याक्षणी त्याचं वजन शून्य झालं असणार.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त दिवस पुरला. पडताना ओढ जाणवत नाही, म्हणून आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाला ओढ मानलंच नाही. पण ओढच नसेल, तर सुटलेली वस्तू खाली का येते? पुस्तकं ताणलेल्या चादरीचं चित्र दाखवतात: मधे जड गोळा, भोवती खड्डा, त्यात घरंगळणारी गोटी. पण गोटीला खड्ड्यात ओढतं कोण? चादरीखालचं गुरुत्वाकर्षणच! म्हणजे जे समजावून सांगायचं, तेच गृहीत धरलेलं.

त्यापेक्षा आइन्स्टाइनचं १९१५ सालचं उत्तर घड्याळावरून चांगलं कळतं. वस्तुमानाजवळ काळ संथ चालतो. ट्रेलरची डावी चाकं चिखलात गेली की गाडी आपोआप चिखलाकडे वळते. मोकळ्या वस्तूची काळातून जाणारी सरळात सरळ वाटही तशीच संथ काळाच्या बाजूला झुकते, आणि त्या झुकण्याला आपण पडणं म्हणतो. उपमा ढोबळ आहे, पण चादरीपेक्षा बरी. ४० मीटर उंचीवरच्या फ्लॅटमध्ये ७० वर्षं काढणारा माणूस तळमजल्यावरच्या शेजाऱ्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाने जास्त म्हातारा होतो. वरच्या मजल्याला जादा दर लावणारे बिल्डर हे सांगत नाहीत.

इतका बारीक फरक खरा कशावरून? यार्डात ट्रेलर कुठे आहे हे सांगणाऱ्या जीपीएसवरून. त्याच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा फरक वळता केला नाही, तर चूक दिवसाला दहाएक किलोमीटरने वाढत जाईल. बंदरातली गाडी समुद्रात दिसेल. त्याआधीची मोठी परीक्षा २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात झाली. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश न्यूटनच्या हिशेबाच्या दुप्पट वळलेला दिसला. निम्मं वळण काळाच्या वक्रतेचं, निम्मं अवकाशाच्या.

या विषयाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथे सापेक्षतेची शाळा उभी राहिली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना प्र. चु. वैद्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतालच्या गुरुत्वाचं समीकरण सोडवलं. ती उकल आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत यांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभारली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. ते २० मे २०२५ रोजी गेले.

आयुकातच संजीव धुरंधरांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाला ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी, ओळखण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षं काम केलं. जत्रेच्या गोंगाटात ओळखीची हलगी कान बरोबर वेचतो, तसा अपेक्षित लहरीचा नमुना हाताशी धरून गोंगाटातून खरी लहर वेचायची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पकडली, तेव्हा तिच्या चार किलोमीटरच्या बाहूची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडोव्या हिश्शाने बदलली होती. सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वीला कधी कळेल, या बाळबोध प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे: गुरुत्वाची बातमी प्रकाशाच्याच वेगाने येते, म्हणजे सव्वाआठ मिनिटांनी. हिंगोली जिल्ह्यात, ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक असलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियासाठी जागा निवडली गेली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. नारायणगावजवळच्या खोडदच्या तीस दुर्बिणींनीही पल्सार ताऱ्यांच्या नियमित रेडिओ ठोक्यांवर नजर ठेवून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या शोधाला हातभार लावला. जून २०२३ मध्ये त्यांच्या खुणा जाहीर झाल्या.

चौथा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो रोज माझ्यासमोर येतो. ट्रेलर काट्यावर ब्रेक मारतो, माल पुढे जाऊ पाहतो आणि आकडा काही सेकंद नाचतो. हे जडत्व. मग आकडा स्थिरावतो, ते वजन. हलायला नकार देणारे किलो आणि जमिनीवर भार टाकणारे किलो तंतोतंत सारखे का? आइन्स्टाइनने ही समानता पाया म्हणून घेतली. उपग्रहावरच्या प्रयोगात ती अब्जांशाच्याही दशलक्षाव्या भागाइतक्या बारकाईने खरी उतरली. पण जडत्व मुळात येतं कुठून? भौतिकशास्त्रज्ञ माखचं म्हणणं होतं की दूरच्या ताऱ्यांमुळे. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकरांनी १९६४ साली ते समीकरणात बांधून पाहिलं. तो सिद्धांत सर्वमान्य झाला नाही, प्रश्न मात्र टिकून आहे.

ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, “काय साहेब, किती वेळ?” मी म्हणतो, “थांब, आकडा अजून हलतोय.”