डोंगल लावलंय, पण सही होत नाही : कार्यालयीन कामात ब्राउझर नेमका कुठे अडतो?

ग्रामपंचायतीचं बिल तयार आहे. नालीचं काम झालंय, मोजमाप झालंय, खात्यात निधीही आहे. आता फक्त दोन डिजिटल सह्या बाकी आहेत. संगणक परिचालक डोंगल लावतो, पोर्टल उघडतो, सहीच्या बटणावर क्लिक करतो आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं. थोड्या वेळाने इंग्रजीत एक ओळ येते, टोकन सापडलं नाही. मग नेहमीचं वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत किंवा हिंगोली तालुक्यातल्या कुठल्याही गावात मार्चअखेर असं घडू शकतं. 'उद्या या' म्हटलं की कुणाची तरी मजुरी लांबते, कुणाचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात जातं. सर्व्हर कधी कधी खरंच बंद असतो. पण अनेकदा अडचण दूरच्या सर्व्हरमध्ये नसते, टेबलावरच्या संगणकातच असते, आणि नेमकं कुठे बघायचं हे माहीत असेल तर ती सुटते.

सही नेमकी कुठे असते?

डिजिटल सही म्हणजे स्कॅन केलेल्या सहीचं चित्र नव्हे. परवानाधारक प्रमाणन संस्था एखाद्या व्यक्तीची ओळख पडताळून तिला डिजिटल प्रमाणपत्र देते. त्यालाच डीएससी म्हणतात. या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली एका यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली असते. कार्यालयात त्यालाच 'डोंगल' किंवा सरळ 'पेनड्राइव्ह' म्हणतात. दिसायला ते पेनड्राइव्हसारखंच असतं, पण काम वेगळं आहे. पेनड्राइव्हमधली फाइल कॉपी करता येते, टोकनमधली गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही.

सही करताना पोर्टल त्या कागदपत्राचा एक छोटा गणिती ठसा टोकनकडे पाठवतं. टोकन पिन विचारतं, आतल्या आत त्या ठशावर सही करतं आणि उत्तर परत देतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ नुसार अशी सही हाताने केलेल्या सहीइतकीच ग्राह्य आहे.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून रक्कम द्यायची तर अशा दोन सह्या लागतात. एक जण देयक तयार करून सही करतो, दुसरा ते तपासून सही करतो. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे पहिली सही ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, आणि दुसरी सरपंचाची असते. महाटेंडर्सवर निविदा भरणाऱ्या ठेकेदारालाही अशीच सही लागते. कार्यालयं वेगळी असली तरी यंत्रणा सारखीच चालते, त्यामुळे तक्रारीही सारख्याच असतात.

'आधी चालत होतं' हे खरं का असतं?

जुने कर्मचारी सांगतात की पूर्वी हे सगळं सरळ ब्राउझरमध्येच व्हायचं. ते बरोबर सांगतात. त्या काळी ब्राउझरमध्ये 'प्लग-इन' बसवता यायचं. वेबसाइटवरचा जावाचा छोटा प्रोग्राम या प्लग-इनच्या मदतीने थेट संगणकातल्या टोकनपर्यंत पोहोचायचा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हेच काम अ‍ॅक्टिव्हएक्स करायचं.

पण या दारातून सरकारी पोर्टल आत येऊ शकत होतं, तसा चोरही येऊ शकत होता. एखादी फसवी वेबसाइट त्याच वाटेने संगणकाचा ताबा घेऊ शकत असे. म्हणून ब्राउझर कंपन्यांनी हे दार बंद करायला घेतलं. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीतून या जुन्या प्लग-इनचा आधार पूर्ण काढला गेला. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने तेच केलं. २०१८ मध्ये जावा ११ आलं, त्यात ब्राउझरचं प्लग-इनच उरलं नाही. जून २०२२ मध्ये विंडोज १० वरचं इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झालं. काही जुन्या पोर्टलसाठी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' ठेवलेला आहे, तो तेवढ्यापुरताच.

म्हणूनच 'जावा पुन्हा टाकून बघा' हा पूर्वी हमखास लागू पडणारा सल्ला आज बऱ्याच वेळा उपयोगी पडत नाही. जावा आजही काही पोर्टलना लागतं, पण ब्राउझरच्या आत नाही, संगणकात वेगळं चालणारा प्रोग्राम म्हणून.

आता मधला माणूस कोण?

ब्राउझर टोकनशी थेट बोलत नाही, त्यामुळे दोघांमध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. हा म्हणजे संगणकात इन्स्टॉल केलेला छोटा साइनर प्रोग्राम. तो पडद्यामागे चालू असतो आणि संगणकाच्या १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावर वाट बघत बसतो. हा पत्ता इंटरनेटवरचा नसतो, संगणकाने स्वतःलाच दिलेला असतो. पोर्टलचं पान या पत्त्यावर निरोप धाडतं, साइनर तो टोकनच्या ड्रायव्हरला देतो, ड्रायव्हर टोकनला.

म्हणजे साखळी अशी : पोर्टल, ब्राउझर, साइनर, ड्रायव्हर, टोकन. यातली एकच कडी निसटली तरी स्क्रीनवर बऱ्याचदा तोच एक संदेश येतो. संदेशात टोकन सापडलं नाही असं असलं तरी दोष टोकनमध्येच असेल असं नाही. म्हणून दिसेल ते काढून पुन्हा टाकण्यापेक्षा एका टोकाकडून क्रमाने तपासत जाणं शहाणपणाचं.

तपासणी कुठून सुरू करायची?

१. अडचण सगळ्यांची आहे की आपलीच? शेजारच्या ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत एक फोन करावा. मोबाइलच्या इंटरनेटवरही पोर्टल उघडत नसेल तर सर्व्हरची शक्यता जास्त. पान उघडतंय, लॉगिनही होतंय आणि फक्त सहीच होत नसेल, तर आधी आपल्याच संगणकाकडे बघावं.

२. संगणकाची तारीख आणि वेळ. जुन्या संगणकातला मदरबोर्डवरचा बटन सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक काळासाठीच वैध असतं. संगणकाला आज २०१५ साल वाटत असेल, तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो पान उघडू देत नाही. तारीख दुरुस्त करणं हा तात्पुरता उपाय. सेल बदलला की कायमची सुटका.

३. टोकन आणि ड्रायव्हर. टोकन यूएसबी हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावावं. मग ब्राउझर बाजूला ठेवून टोकनसोबत आलेलं सॉफ्टवेअर उघडावं. त्यात प्रमाणपत्रावर आपलं नाव आणि मुदतीची तारीख दिसायला हवी. इथे काहीच दिसत नसेल तर पोर्टलवर कितीही वेळा क्लिक केलं तरी उपयोग नाही, दोष टोकन, ड्रायव्हर किंवा पोर्टचा आहे. इथे नाव दिसत असेल तर साखळीचा हा भाग ठीक आहे.

४. प्रमाणपत्राची मुदत. मुदत संपली तरी टोकनवरचा दिवा लागतोच, त्यामुळे ते चालू आहे असं वाटतं. प्रमाणपत्र साधारणपणे एक ते तीन वर्षांचं असतं. ते नव्याने घेताना ओळखीची आणि व्हिडिओ पडताळणी होते, त्यात वेळ जातो. मुदतीची तारीख कॅलेंडरवर एक महिना आधीच नोंदवून ठेवावी.

५. साइनर चालू आहे का? स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की मागे चालू असलेल्या प्रोग्रामची चिन्हं दिसतात. साइनर तिथे नसेल तर सुरू करावा. दोन वेगवेगळ्या पोर्टलचे साइनर किंवा एकाच साइनरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच वेळी चालू असतील, तर त्या एकमेकांची वाट अडवू शकतात. एक बंद करून बघावा. अँटिव्हायरसने साइनर अडवला आहे का, हेही त्याच्या नोंदीत दिसतं.

६. ब्राउझरची परवानगी. पॉप-अप अडवलेले आहेत का ते पाहावं. याशिवाय एक नवं कारण आहे. २०२५ च्या शेवटी आलेल्या क्रोम १४२ पासून, एखाद्या वेबसाइटला संगणकाच्या अंतर्गत पत्त्याशी किंवा स्थानिक नेटवर्कमधल्या उपकरणाशी बोलायचं असेल तर ब्राउझर आधी परवानगी विचारतो. घाईत 'नको' दाबलं गेलं की पोर्टलला साइनर सापडत नाही. अशा वेळी पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटच्या सेटिंगमध्ये परवानगी द्यावी. मात्र पत्ता अधिकृत पोर्टलचाच आहे, याची आधी खात्री करावी.

७. विंडोज किती जुनं आहे? विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी आवृत्ती तिथे चालतच नाही. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'काही बदललं नाही, तरी बंद पडलं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हे असतं. आपला संगणक तिथेच असतो, पोर्टल आणि ब्राउझर पुढे गेलेले असतात.

८. पोर्टलवरची नोंदणी. टोकन, साइनर, ब्राउझर सगळं ठीक आहे, तरी सही नाकारली जाते. प्रमाणपत्र नुकतंच नवं घेतलं असेल, तर पोर्टलवर अजून जुन्याचीच नोंद असते. नव्याची नोंदणी करून वरिष्ठ पातळीवरून मंजुरी घ्यावी लागते. निवडणुकीनंतर सरपंच बदलला की हीच अडचण येते. ती सॉफ्टवेअरची नसतेच, प्रशासकीय असते, आणि तंत्रज्ञाला बोलावून सुटत नाही.

घाईत होणाऱ्या चार चुका

पहिली चूक, पिन अंदाजाने टाकत राहणं. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन लॉक होतं. दोनदा चुकला की थांबावं आणि टोकन देणाऱ्याला विचारावं.

दुसरी, टोकनच्या सॉफ्टवेअरमधला 'इनिशियलाइज' पर्याय वापरणं. त्याने टोकन कोरं होतं, आतलं प्रमाणपत्र जातं आणि नवं घ्यावं लागतं.

तिसरी, साइनर कुठूनही उतरवणं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली फाइल किंवा शोधात वर आलेली अनोळखी साइट टाळावी. साइनर संबंधित पोर्टलवरूनच आणि ड्रायव्हर टोकनच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. अनोळखी 'हेल्पलाइन'वाल्याला संगणकाचा दूरून ताबा देणं, तेही टोकन लावलेलं असताना, म्हणजे तिजोरी उघडी ठेवून पाहुण्याला घरात एकटं सोडणं.

चौथी चूक सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागाची. टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याकडे ठेवणं. सोय म्हणून सरपंचाचं आणि ग्रामसेवकाचं डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये, पिन चिठ्ठीवर. दोन सह्या ठेवल्यात त्या एकाने दुसऱ्याचं काम तपासावं म्हणून. दोन्ही टोकन एकाच हाती गेली की तपासणी उरतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणं ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवावं लागतं. पुढे चौकशी झाली तर 'मी सही केलीच नाही' हे पटवून देणं फार अवघड जातं.

तरीही सही झाली नाही तर?

मुदतीचं काम असेल तर पुरावा तेव्हाच तयार ठेवावा. तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनचा फोटो, त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, ब्राउझर आणि विंडोजची आवृत्ती, आणि वरच्यापैकी काय काय तपासलं त्याची यादी. हे सगळं मुदत संपायच्या आत पोर्टलच्या मदत कक्षाला ईमेलने पाठवावं आणि वरिष्ठांनाही लेखी कळवावं. 'साइट चालत नाही' एवढ्या एका ओळीवर मदत कक्षाला काही करता येत नाही. 'टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र दिसतं, साइनर चालू आहे, तरी पोर्टलवर दिसत नाही' असं लिहिलं तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं.

निविदा भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोर्टल आपल्या मनगटावरचं घड्याळ मानत नाही, सर्व्हरचं मानतं. शेवटच्या तासात साइनर अपडेट मागू लागला तर मुदत थांबत नाही. त्यामुळे दोन दिवस आधी टोकन लावून पोर्टलवर एकदा लॉगिन करून बघणं हा सर्वात स्वस्त उपाय.

ग्रामपंचायतीसाठी तो दिवस म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. दोन्ही टोकनच्या मुदती, साइनर, ब्राउझरची परवानगी आणि पोर्टलवरची नोंदणी त्या आठवड्यात एकदा तपासून घेतली, तर शेवटच्या आठवड्यात ज्याची मजुरी अडली आहे त्याला 'उद्या या' म्हणण्याची वेळ सहसा येत नाही.