इंजिनावर सांडलेले तेल : सफाई आणि सुरक्षितता

अहमदनगर जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव प्राप्त झाले आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा होय. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून धावली ती याच जिल्ह्याच्या ठिकाणी. पुढे १९५० मध्ये प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि ऊस वाहणारी वाहने येथील जीवनाचे अविभाज्य अंग बनली. आज गळिताच्या हंगामातील ट्रॅक्टर, टंचाईच्या दिवसांतील पाण्याचे टँकर, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका या साऱ्यांची देखभाल बहुधा गावातच होते. या देखभालीत इंजिनावर तेल सांडणे ही नित्याची बाब असून तिच्याकडे बहुतेकदा दुर्लक्षच केले जाते.

तेल सांडण्याची कारणे साधी असतात. नरसाळ्याविना तेल ओतणे, भरल्यानंतर झाकण लावण्यास विसरणे, फिल्टर सैल राहणे किंवा जुने पॅकिंग झिरपणे. धोका मात्र साधा नाही. इंजिन ऑइलची वाफ साधारणतः २०० अंश सेल्सिअसच्या पुढे ज्वालाग्राही होते. आणि भार ओढणाऱ्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तेथे तेल ठिबकले की प्रथम धूर व प्रसंगी आग, असा क्रम ठरलेला आहे. फॅनच्या पट्ट्यावर तेल गेल्यास रबर फुगते आणि पट्टा घसरू लागतो.

म्हणून पहिला नियम थांबण्याचा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, कारण काही वाहनांत विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये. तापलेल्या बिडाच्या भागावर गार पाणी ओतल्यास त्यास तडा जाण्याचा संभव असतो. त्यानंतर बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी.

सफाईसाठी पेट्रोल वापरण्याची प्रथा अद्यापि आढळते. ती सर्वथा त्याज्य आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांवरही पेट घेऊ शकते. बॅटरीच्या तारेची एखादी ठिणगी तिला पुरते. रॉकेलही सुरक्षित मानता येत नाही.

योग्य मार्ग कोरड्या सफाईचा होय. सुती चिंध्यांनी तेल टिपून घ्यावे, चोळून पसरवू नये. जमिनीवरील तेलावर कोरडी माती वा वाळू टाकावी. लाकडाचा भुसा जमिनीपुरता ठीक. इंजिनाच्या खणात तो राहिल्यास तोच पेटतो. टिपणे झाल्यावर एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर, स्टार्टर व तारांचे जोड प्लॅस्टिकने झाकावेत आणि धुण्याच्या साबणाचे पाणी मऊ ब्रशाने लावून मोजक्या पाण्याने धुवावे. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या भागांस खातो. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाणी विजेच्या जोडांत शिरते, हेही ध्यानी घ्यावे. आच्छादने काढून, सर्व भाग वाळल्यावर, बॅटरी जोडून बॉनेट उघडे ठेवून इंजिन चालवून पाहावे. उरल्यासुरल्या तेलाचा किंचित धूर निघून लवकरच थांबतो. तो वाढत गेल्यास इंजिन बंद करून गळतीचा शोध घ्यावा. आग लागलीच तर बॉनेट सताड उघडू नये, हवा मिळून ज्वाळा भडकतात. कोरडी भुकटी असलेले अग्निशामक जवळ असणे इष्ट. जळत्या तेलावर पाणी मारल्यास आग पसरते.

हे सारे झाले तरी एक प्रश्न उरतो, तो धुतलेल्या पाण्याचा. पिण्याच्या पाण्यात खनिज तेलाची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एक लिटर तेल सुमारे १७ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. जिल्ह्याच्या कातळात पाणी फटींतून वाहते आणि टँकर भरण्याच्या विहिरीच्या काठावरच ट्रॅक्टर धुण्याची सवय गावोगावी दिसते. पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत ही सवय केवढी महाग पडेल, हे सांगावयास नको.

वापरलेले काळे तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावयाचे असते. तेलाने माखलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास हे तेल अपायकारक ठरते, म्हणून हातमोजे हवेत.

ग्रामपंचायतीने विहिरी व ओढ्यापासून दूर वाहने धुण्याची एक जागा ठरवून तेथे तेल अडविणारी छोटी टाकी बांधल्यास बरेच साधते. टाकीत पाणी स्थिर राहते, तेल वर तरंगते आणि ते काढून पिंपात टाकता येते. साबण अधिक असेल तर मात्र तेल पाण्यात कालवले जाऊन वेगळे होत नाही. कोरड्या चिंधीने आधी टिपून घेण्याचा आग्रह येथेही उपयोगी पडतो, कारण तेल जितके कमी तितका साबण कमी लागतो.