मैत्रिणीची ट्यूब, तुमचा चेहरा

आपल्या बीड जिल्ह्यात मुरूम दोन प्रकारचा. एक पाणंद रस्त्यावर टाकायचा, तो मागून मागून येत नाही. दुसरा चेहऱ्यावरचा, तो गॅदरिंगच्या आदल्या दिवशी न बोलावता येतो! मग सुरू होतात सल्ले. आजी म्हणते हळद लाव, रूममेट टूथपेस्ट पुढे करते आणि मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. तीच ट्यूब मग हॉस्टेलच्या चार खोल्यांत फिरते. चुकतं ते इथंच. कारण चौघींच्या चेहऱ्यावरचं दुखणं एकच असेल असं नाही.

वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल तयार करतात. हे तेल आणि मेलेल्या पेशी मिळून त्वचेचं छिद्र बुजतं. पुढं काय होतं, त्यावर मुरमाचा प्रकार ठरतो.

आधी आरशात नीट बघा

ब्लॅकहेड : छिद्राचं तोंड उघडं असतं. तो काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे, त्वचेतल्याच रंगद्रव्यामुळे तो काळा दिसतो. म्हणून कितीही घासा, जात नाही.

व्हाइटहेड : तोंड बंद, बारीक पांढरट दाणा. या दोन्हींवर सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश किंवा डॉक्टरांनी दिलेलं ॲडापॅलिन उपयोगी पडतं.

लाल किंवा पू झालेली पुटकुळी : इथं जिवाणू आणि सूज दोन्ही आले. यावर बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं. २.५ टक्क्यांपासून सुरुवात केलेली बरी. त्यानं टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र उडतो, सांभाळा.

गाठी आणि सिस्ट : खोल, मोठ्या, हात लावला तरी ठणकतात. यांचेच खड्डे राहतात. इथं घरगुती प्रयोग नकोत, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

काही पुरळ तर मुरूमच नसतं. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे बारीक दाणे आलेत आणि खाज सुटतेय? मग बुरशीची शंका घ्या. आपल्याकडच्या उन्हात, घामानं भिजलेल्या कपड्यांत ती वाढते आणि मुरमाच्या अँटिबायोटिकनं उलट बळावू शकते. मुलींनो, हनुवटी-जबड्यावर सतत मुरूम, पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर जाड केस असं एकत्र दिसलं, तर पीसीओएसची तपासणी करून घ्या.

'चार दिवसांत गोरं' करणारी ट्यूब

आता त्या फिरत्या ट्यूबकडे येऊ. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. ते सूज दाबतं, म्हणून चार दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत वाटतो. मैत्रीण विचारते, 'काय लावतेस गं?' आणि ट्यूब पुढच्या खोलीत जाते.

काही आठवड्यांनी खरा हिशेब सुरू होतो. त्वचा पातळ पडते, गाल लाल होतात, उन्हात आग होते, लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्या उठतात. लावणं थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगीच नाही. तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल तर लपवू नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ती कशी सोडवायची ते तेच सांगतील.

एवढं करा

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, बस्स. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यापासून लांब ठेवा. मुरूम फोडू नका. केसांना चोपून लावलेलं तेल कपाळावर उतरू देऊ नका. गाडीवर बांधायचा स्कार्फ रोज धुवा. कोणत्याही योग्य उपचाराला ८ ते १२ आठवडे द्या. पंधरा दिवसांत क्रीम बदलत राहिलात तर काहीच कळणार नाही.

घरचे ऊसतोडीला गेलेत, हातात मोजके पैसे आहेत आणि त्यातच महागडं सीरम घ्यायचा विचार चाललाय? थांबा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढा आणि त्वचारोग विभागात दाखवा. 'एवढ्याशा मुरमासाठी कशाला' असं मनात आणू नका. मुरूम जातो, पण वेळेत न दाखवलेल्या गाठीचा खड्डा राहतो.

आणि तोवर ट्यूब उसनी घेऊ नका, उसनी देऊही नका.