तिरप्या रस्त्यावरची सरळ नजर

आलापल्लीहून हेमलकसा-भामरागडकडे निघालं की 60-65 किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. सागाची दाट झाडी, अचानक समोर येणारी गुरं, पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराची धास्ती. अशा रस्त्यावर गाडीत आपली जागा ठरलेली असते, नाही का? मांडीवर पोर, पायाशी पिशवी आणि वळण आलं की हाताला लागेल तो दांडा घट्ट धरायचा! वळणावर आपण बाहेरच्या बाजूला का फेकले जातो, हा प्रश्न मात्र सहसा मनात येत नाही.

जत्रेतला ‘मौत का कुआं’ आठवा. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरागरा फिरते, पण खाली पडत नाही. गाडीला सरळच जायचं असतं, भिंत तिला आत वळवते. वेग जितका जास्त, तितकी ती भिंतीला घट्ट चिकटते. मोठ्या रस्त्यांच्या वळणांवरही बाहेरची कड थोडी उचललेली असते, ती याचसाठी.

शर्यतीच्या ट्रॅकवर हीच गोष्ट टोकाला नेलेली असते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डेटोना नावाचा ट्रॅक आहे, 1959 मध्ये सुरू झालेला. त्याची वळणं 31 अंशांत तिरपी आहेत. म्हणजे आपल्या कौलारू छपराचा उतार असतो ना, जवळपास तसा! त्यावर चालत चढायचं तरी दम लागेल, तिथे गाड्या तुफान वेगाने पळतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. तिथल्या 24 तासांच्या शर्यतीत नुसतं गोल फिरायचं नसतं. मैदानासमोरच्या सरळ पट्ट्यावर गाडी पूर्ण वेगात असते, तेवढ्यात करकचून ब्रेक लावून डावीकडे आत वळायचं. आतला रस्ता साध्या रस्त्यासारखा सपाट, कधी डावी तर कधी उजवी वळणं. तो संपला की पुन्हा तिरप्या भिंतीवर चढायचं. तिथे शरीर सीटमध्ये दाबलं जातं, डोकं जड होतं. एक फेरी सुमारे पावणेसहा किलोमीटरची. आतल्या वळणांसाठी गाडी रस्त्याला धरून हवी, बाहेर मात्र वाऱ्यासारखी सुटायला हवी. दोन्ही एकदम साधत नाही. एकीकडे थोडं सोडायचं, दुसरीकडे थोडं कमवायचं... घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला हा हिशेब नवा नाही!

याच डेटोनात 1966 मध्ये सुझी डिट्रिच, डोना मे मिम्स आणि जेनेट गथ्री या तिघींच्या संघाने 24 तासांची शर्यत पूर्ण केली. जेनेट भौतिकशास्त्र शिकलेली, विमान-अवकाश उद्योगात काम केलेली. 1977 मध्ये ती ‘इंडियानापोलिस 500’ या मानाच्या शर्यतीत उतरणारी पहिली महिला ठरली. बाईला एवढा ताण झेपेल का, अशी चर्चा तेव्हा झडली. पुढच्याच वर्षी मनगटाचं हाड मोडलेलं असताना ती गोष्ट लपवून तिने शर्यत पूर्ण केली आणि नववी आली.

तिरपा ट्रॅक बघायला अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. आपल्या शेजारी, इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा 11.3 किलोमीटरचा लांबट गोल ट्रॅक आहे. 29 जून 2021 ला पुण्याच्या प्रकाश जावडेकरांनी केंद्रीय मंत्री म्हणून त्याचं उद्घाटन केलं. तो शर्यतीसाठी नाही, गाड्यांच्या चाचणीसाठी आहे. त्याची वळणं अशी बांधली आहेत, की ताशी 250 किलोमीटर वेगाला स्टिअरिंग फिरवण्याचीही गरज पडू नये. रस्ताच गाडीला वळवतो! त्याच आवारात गाडी वळणांवर कशी वागते हे तपासायला वेगळे ट्रॅकही आहेत.

आणि आपल्या मुली? पुण्याच्या डायना पंडोलेने 2024 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पुरुषांच्या बरोबरीने उतरून सलून गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला, दोन लेकरांची आई! आपल्या गडचिरोलीत तर ट्रॅकची गरजच पडली नाही. सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याची किरण कुरमा हैदराबादला शिकून आली आणि गावाकडच्या रस्त्यावर टॅक्सी चालवू लागली. 2023 मध्ये राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळून तिला इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात शिकायची संधी मिळाली.

आडगावात बाईला गाडी येणं ही हौस नाही. रात्री बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, पोराला ताप चढला, तर दवाखान्यापर्यंत नेणार कोण? घरात गाडी आहे, पण चालवणारा शेतावर किंवा परगावी, असं कितीदा होतं! तेव्हा दारातल्या गाडीचा उपयोग काय?

म्हणून मैत्रिणींनो, शिकायला लागा. आधी शिकाऊ परवाना काढा, शेजारी जाणतं माणूस बसवा आणि मोकळ्या मैदानापासून सुरुवात करा. शर्यतवाल्यांचे दोन नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावायचा, वळणाच्या मध्यात नाही. आणि नजर बॉनेटवर नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. जंगलातल्या वळणापलीकडचं दिसत नसेल, तर दिसतंय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा, हॉर्न द्या. एवढं अंगवळणी पडलं की दांडा धरून बसायची वेळ घरातल्या इतरांवर येईल!